पादांशिक क्रमाची दुसरी बाजू : धूम्रपान-त्यागात सहत्यागींची साथ

संहिताग्रंथांत 'धूमपान' हे एका उपक्रमाचे नाव आहे. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या, म्हणजे मात्राशितीय अध्यायात त्याचे प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक असे तीन प्रकार सांगितले, त्याचे आठ काल नेमून दिले आणि अकाली वा अतिमात्र केलेल्या धूमपानाचे उपद्रवही नोंदवले. तंबाखूचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ती वनस्पती मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगीजांच्या व्यापारातून आपल्या देशात आली. त्यामुळे 'आयुर्वेदातही धूमपान सांगितलेच आहे की' असे म्हणणाऱ्या रुग्णास प्रथम हा भेद स्पष्ट करून सांगावा. प्रस्तुत लेखात संहितोक्त उपक्रमास 'धूमपान' आणि विडी-सिगारेट ओढण्यास 'धूम्रपान' असे शब्द योजले आहेत.

धूम्रपान सोडण्याची इच्छा रुग्णांत नसते, हा समज वस्तुस्थितीस धरून नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील ५५.४ टक्के धूम्रपानींनी सोडण्याचा विचार वा बेत असल्याचे सांगितले, तर ३८.५ टक्के व्यक्तींनी मागील बारा महिन्यांत तसा प्रयत्नही केला होता. म्हणजे संकल्प होतो. तो टिकत नाही. सोमवारी सोडणारा रुग्ण गुरुवारी पुन्हा टपरीवर उभा दिसतो. त्याच्या औषधयोजनेचा विचार आपण करतोच. तो गुरुवारी कोणाबरोबर उभा होता, याचाही विचार चिकित्सेत व्हावा, हा या लेखाचा हेतू आहे.

सोडल्यानंतर शरीरात काय घडते

सहत्यागींची साथ नेमकी केव्हा हवी, हे कळण्यासाठी त्याग-लक्षणांचा कालक्रम ध्यानात ठेवावा लागतो. झुरक्यातील निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणूनच दिवसातून अनेकदा तलफ येते. शेवटच्या सिगारेटीनंतर साधारण एका दिवसात रक्तातील कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ सामान्य पातळीवर येतो; परंतु याच सुमारास चिडचिड, अस्वस्थता, चित्ताची अनवस्था व निद्रानाश वाढू लागतात. ही लक्षणे बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्रतम असतात आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. मलावष्टंभ हे अनेकदा दुर्लक्षिले जाणारे, परंतु नेहमी आढळणारे लक्षण आहे. खोकला व कफ काही दिवस वाढल्यासारखे वाटू शकतात. क्षुधावृद्धी मात्र कित्येक महिने राहते आणि पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते.

एकेक तलफ मात्र बहुधा काही मिनिटांचीच असते. ती शमवावी लागत नाही. काही न करताही ओसरते. हे वाक्य वैद्याने सांगितले तर रुग्ण मान डोलावतो. तेच वाक्य सहा महिन्यांपूर्वी सिगारेट सोडलेल्या शेजारच्या दुकानदाराने सांगितले, तर रुग्णाचा त्यावर विश्वास बसतो. या फरकाचे कारण शास्त्रातच सापडते.

पादांशिक क्रम : सोडणे आणि भरणे

अहितकर परंतु सवयीने सात्म्य झालेली गोष्ट क्रमाक्रमाने सोडावी, हे तत्त्व चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, नवेगान्धारणीय अध्यायात सांगितले आहे. वाग्भटाचार्यांनीही अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात चतुर्थांशाने, किंवा त्या चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने अपथ्य सोडण्यास सांगितले आहे. अभ्यस्त गोष्ट एकाएकी सोडल्यास विकार उद्भवतात, ही त्यामागील भूमिका. त्याग-लक्षणांचा वर वर्णिलेला क्रम पाहता या निरीक्षणाची सूक्ष्मता पटते.

मात्र हा क्रम शिकवताना त्याचा अर्धाच भाग सांगितला जातो. जेवढा अंश अहिताचा काढावा तेवढाच अंश हिताचा घालावा, असा तो दुहेरी विधी आहे. धान्य बदलताना आपण हे सहज पाळतो. एका धान्याचे प्रमाण कमी करतो आणि दुसऱ्याचे वाढवतो. सिगारेटीच्या बाबतीत मात्र चार कमी करण्यास सांगतो आणि ती चार रिकामी झालेली स्थाने तशीच सोडून देतो. भोजनोत्तरची सिगारेट, चहाबरोबरची सिगारेट, कामाच्या मध्यंतरात सहकाऱ्यांसोबतची सिगारेट या प्रत्येकीत निकोटीनखेरीज विसावा असतो, गप्पा असतात, माणसे असतात. धूर काढून घेतल्यावर माणसेही सुटली, तर रुग्ण धुरासाठी नव्हे, तर माणसांसाठी परत जातो. त्या रिक्त पादात जे हित घालावयाचे, त्यात सोबत हे प्रमुख आहे.

हाच सातवा अध्याय पुढे कोणाची संगत टाळावी व कोणाची धरावी, याचेही विवेचन करतो. एकाच अध्यायातील या दोन उपदेशांचा व्यसनचिकित्सेत आपण एकत्र उपयोग करून घ्यावयास हवा.

तद्विद्यसेवा व सत्त्वावजय

सूत्रस्थानाच्या अकराव्या, तिस्रैषणीय अध्यायात दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय अशी त्रिविध चिकित्सा सांगितली आहे. अहित विषयांपासून मनाचा निग्रह हे सत्त्वावजयाचे स्वरूप होय. त्याच अध्यायात मानस विकारांच्या औषधांत तद्विद्यसेवेचा, म्हणजे त्या विषयाच्या जाणकारांच्या सेवनाचा समावेश केला आहे. तद्विद्य म्हणजे परंपरेने शास्त्र जाणणारा. परंतु व्यसनत्यागाच्या बाबतीत तिसऱ्या दिवसाची रात्र स्वतः काढलेला माणूसही त्या एका विषयाचा जाणकारच ठरतो.

शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात वर्णिलेला प्रज्ञापराध धी, धृती व स्मृती यांच्या भ्रंशातून घडतो. सहत्यागी या तिन्ही स्थानी उपयोगी पडतो.

धी : 'दिवसाला दोनच ओढल्या तर काय बिघडते' हा बुद्धीचा भ्रम असतो. तो भ्रम स्वतः अनुभवलेला माणूस त्याला लगेच ओळखतो.

धृती : तलफेच्या काही मिनिटांत मनाला आवर घालण्यासाठी कोणाशी तरी बोलणे पुरेसे ठरते. त्या वेळी वैद्य उपलब्ध असेलच असे नाही; साथी असू शकतो.

स्मृती : दोन महिन्यांनी रुग्णास सिगारेटीचे सुख आठवते, जिना चढताना लागलेली धाप आठवत नाही. मंडळात नव्याने आलेल्या माणसाची धाप पाहिली, की जुन्याची स्मृती जागी राहते. म्हणून नव्याला जेवढी जुन्याची गरज, तेवढीच जुन्याला नव्याची असते.

आधुनिक पुरावा काय सांगतो

निकोलस क्रिस्टाकिस व जेम्स फाउलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील १२,०६७ व्यक्तींच्या १९७१ ते २००३ या काळातील नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. पती वा पत्नीने धूम्रपान सोडल्यास दुसऱ्याने धूम्रपान करण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी, मित्राने सोडल्यास ३६ टक्क्यांनी, लहान आस्थापनेतील सहकाऱ्याने सोडल्यास ३४ टक्क्यांनी आणि भावंडाने सोडल्यास २५ टक्क्यांनी घटलेली आढळली. एकमेकांशी जोडलेल्या माणसांचे गटच्या गट बरोबरीने सोडत गेले, असे त्यांना दिसले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. समान परिस्थितीचाही त्यात वाटा असू शकतो.

गटचिकित्सेवरील प्रयोगांचा कॉक्रेन आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ वाचनसाहित्याच्या आधारे स्वतःहून सोडू पाहणाऱ्यांच्या तुलनेत गटात सोडणाऱ्यांचे यश जवळपास दुप्पट, म्हणजे १.८८ पट आढळले. मात्र तेवढाच वेळ देऊन केलेल्या वैयक्तिक समुपदेशनापेक्षा गट श्रेष्ठ ठरला नाही. तात्पर्य, ज्या वैद्याला प्रत्येक रुग्णास दर आठवड्यास अर्धा तास देणे शक्य आहे, त्याने तो अवश्य द्यावा. आपल्यापैकी बहुतेकांना ते शक्य नसते. आठ रुग्णांसाठी मिळून एक तास काढणे मात्र शक्य असते.

आणखी एक बाब उद्बोधक आहे. जोडीदाराने रुग्णास अधिक चांगले साहाय्य करावे यासाठी योजलेल्या उपक्रमांनी यशाचे प्रमाण वाढते असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले नाही. उपरोक्त फ्रॅमिंगहॅमच्या निष्कर्षाशेजारी हे ठेवून पाहावे. 'सोडा' असे सांगणारा आणि स्वतः सोडणारा, या दोघांच्या शब्दाचे वजन सारखे नसते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे इतरांना आधार देत आली आहेत. आपल्या गावांतील माळकऱ्याचे उदाहरण तर त्याहून जुने आहे. माळ घातलेल्या माणसाला मद्याचा आग्रह कोणी करत नाही. त्याचा निश्चय त्याच्या एकट्याचा राहत नाही. गाव तो सांभाळते. धूम्रपान सोडणाऱ्यास अशी दृश्य माळ नसते. ती उणीव मंडळाने भरून काढावयाची आहे.

एकदम की क्रमाने?

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील ६९७ व्यक्तींच्या प्रयोगात एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के, तर दोन आठवड्यांत कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९.२ टक्के व्यक्ती चार आठवड्यांनी धूम्रपानमुक्त होत्या. दोन्ही गटांना निकोटीनची पर्यायी औषधे व समुपदेशन दिले होते. परंतु अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात दोन पद्धतींच्या यशात स्पष्ट फरक आढळला नाही. म्हणून क्रमाचा हट्ट धरू नये व त्याग करून एकदम सोडावयास सिद्ध असलेल्या रुग्णास थांबवू नये. मात्र क्रम स्वीकारल्यास शून्याचा दिवस आधीच निश्चित असावा. अंतिम दिनांकाविना केलेली घट हा पादांशिक क्रम नव्हे.

उदाहरणार्थ, रोज १६ सिगारेटी ओढणारा रुग्ण घेऊ. शनिवारी मंडळाची पहिली बैठक. त्या दिवसापासून तीन दिवस १२, पुढील चार दिवस ८, त्यापुढील सात दिवस ४ आणि तिसऱ्या शनिवारी शून्य. संहितेत क्रमागणिक अंतर वाढवत नेण्याचे जे तत्त्व आहे, त्याचे हे व्यवहारानुकूल रूप होय. प्रत्येक टप्प्यावर गळलेल्या चार सिगारेटींच्या जागी काय आले, ते रुग्णाने वहीत लिहावे : शतपावली, कोमट पाणी, प्राणायाम, साथ्याशी दूरध्वनी. संख्या घटली, की उरलेल्या सिगारेटी अधिक खोल झुरक्यांनी ओढण्याकडे कल होतो. त्याकडे लक्ष ठेवावे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्या रुग्णाचे अवलंबन तीव्र समजावे आणि त्यास अधिक निकट साथ द्यावी.

मंडळाची रचना

१. सहा ते दहा सभासद असावेत. पहिले सहा आठवडे आठवड्यातून एकदा, त्यानंतर सहा महिने महिन्यातून एकदा बैठक घ्यावी. वेळ एक तास. स्थळ चिकित्सालय, वाचनालय किंवा मंदिराचा सभामंडप.

२. किमान सहा महिने धूम्रपानमुक्त असलेली एक-दोन माणसे आरंभापासून घ्यावीत. वैद्याने प्रास्ताविक व तपासणी करावी. उरलेला वेळ सभासदांना द्यावा. वैद्य बोलत राहिला, की मंडळाचे व्याख्यान होते.

३. शक्यतो सर्वांचा शून्यदिन एकच ठरवावा. तिसरा दिवस सर्वांना एकाच वेळी आला, की त्याची भीती वाटून घेता येते.

४. दोन-दोनांच्या जोड्या लावाव्यात. पहिले दहा दिवस प्रत्येकाने आपल्या जोडीदारास सकाळ-संध्याकाळ दूरध्वनी करावा. प्रश्न एकच : 'आज कसं चाललंय?' 'ओढलीस का?' असे विचारू नये. त्या प्रश्नाला खोटे उत्तर मिळते.

५. उपदेशास मनाई, अनुभवास मुभा. 'तुम्ही असं करायला हवं' याऐवजी 'मला तिसऱ्या दिवशी फार त्रास झाला, मी त्या रात्री गच्चीवर फेऱ्या मारल्या' असे बोलावे.

६. घसरलेल्या सभासदास पुढील बैठकीत प्रथम बोलू द्यावे. एखादी सिगारेट ओढली गेली, म्हणजे सर्व प्रयत्न फुकट गेला असे नाही. ती कोठे, कोणासोबत व कोणत्या वेळी ओढली गेली, हे शोधणे हेच त्या दिवसाचे काम. लाजेने जो बैठकीला येत नाही, तोच खऱ्या अर्थाने हातचा जातो. त्याच्या घरी त्याच दिवशी जोडीदाराने जावे.

७. महाराष्ट्रात धुराविना तंबाखूचेच प्रमाण मोठे आहे. उपरोक्त सर्वेक्षणात राज्यातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धुराविना तंबाखू सेवन करणारे होते. तंबाखू चघळणारे व मशेरी लावणाऱ्या भगिनी यांच्यासाठीही हीच रचना चालते. भगिनींचे मंडळ निराळे असल्यास त्या अधिक मोकळेपणाने बोलतात.

औषधालय चालकांसाठी

रुग्ण वैद्याकडे महिन्यातून एकदा येतो, औषधालयावरून मात्र रोज जातो. त्यामुळे 'आज कितवा दिवस?' हा प्रश्न विचारण्यास औषधालय चालकाइतका सोयीचा माणूस नाही. मंडळाचा वार व वेळ दर्शनी भागात लिहून ठेवावी. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही तेथे असावा. ही सेवा २०१६ पासून सुरू आहे.

तीन गोष्टी मात्र टाळाव्यात. पहिली, सिगारेटीला पर्याय म्हणून सुपारी वा सुपारीयुक्त मुखशुद्धी देणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारी स्वतंत्रपणे कर्ककारक ठरवली आहे. बडीशेप, वेलची, लवंग किंवा ओवा द्यावा. दुसरी, 'हर्बल सिगारेट'. निकोटीन नसले तरी कोणतीही वनस्पती जाळून ओढल्यास डांबरसदृश द्रव्ये व कार्बन मोनॉक्साइड फुफ्फुसात जातातच. शिवाय हात व ओठ यांची सवय कायम राहते. तिसरी, चहात वा जेवणात नकळत द्यावयाची व्यसनमुक्तीची पूड. ज्या चिकित्सेत रुग्णाचा निश्चय नाही, तीत सत्त्वावजयास स्थानच नाही. आणि फसवणूक उघड झाल्यावर घरच्यांच्या साथीवरील विश्वासही जातो.

चिकित्सकीय सावधानता

मलावष्टंभासाठी त्रिफळा, शिरःशूल व अनिद्रेसाठी अभ्यंग व पादाभ्यंग, मुखशोषासाठी ज्येष्ठमध यांचा लक्षणानुसार उपयोग करावा. ज्येष्ठमध दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास तो देऊ नये.

तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृतातील काही औषधांचे विघटन वेगाने होत असते. धूम्रपान थांबताच ही गती मंदावते आणि थिओफिलीन, क्लोझापीन, ओलॅन्झापीन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. श्वास किंवा मानस रोगासाठी ही औषधे घेणाऱ्या रुग्णास शून्यदिनापूर्वीच मूळ चिकित्सकाकडे मात्रानिश्चितीसाठी पाठवावे. मधुमेहींच्या रक्तशर्करेवरही लक्ष ठेवावे. कॅफीनलाही हाच नियम लागू आहे. सिगारेट सोडून चहा तेवढाच ठेवल्यास छातीत धडधड व अनिद्रा वाढते आणि रुग्ण त्याचा दोष त्यागाला देतो. म्हणून चहाही निम्म्यावर आणावा.

तीव्र अवलंबनात केवळ साथ पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निकोटीनची पर्यायी औषधे, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन व सायटिसिन यांची समुपदेशनासह शिफारस आहे. आवश्यक तेथे रुग्णास त्यासाठी पाठवण्यात कमीपणा मानू नये. गर्भिणी, हृद्रोगी आणि पूर्वी विषाद झालेले रुग्ण यांचा विचार मंडळाबाहेर स्वतंत्रपणे करावा. उदासीनता वाढल्यास वा आत्मघाताचे विचार दिसल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे त्वरित न्यावे.

औषधाची मात्रा आपण लिहून देतो, तशीच सोबतीची मात्राही लिहून द्यावी : कोण, कोणत्या वारी, किती वाजता. पुढील शनिवारी तीन रुग्ण जरी एकत्र बसले, तरी मंडळ सुरू झाले असे समजावे.

स्वाध्याय

१. पादांशिक क्रमातील 'हित' अंशाचे महत्त्व सांगून रोज १२ विड्या ओढणाऱ्या रुग्णासाठी शून्यदिनासह तक्ता तयार करा.

२. धी, धृती व स्मृती यांच्या रक्षणात सहत्यागीचे कार्य स्पष्ट करा.

३. थिओफिलीन घेणाऱ्या श्वासरोग्याने धूम्रपान सोडताना कोणती दक्षता घ्यावी व का?

४. सुपारी, हर्बल सिगारेट व नकळत द्यावयाची पूड या तिन्ही का वर्ज्य कराव्यात?

५. आपल्या चिकित्सालयाच्या परिसरातील, किमान सहा महिने धूम्रपानमुक्त असलेल्या दोन व्यक्ती शोधा आणि त्यांना पहिल्या बैठकीस येण्याची विनंती करा.